आवाज कुठे थांबतो ते पाहा

पुणे

चि. सोनूस,


तू पाठवलेलं तुझ्या गिटार ॲम्पचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून नीट ऐकलं. खाली सतत गुणगुण आहे, तिच्यावर सूं-सूं आहे, आणि मधूनच चरचर होऊन एखादा फटका येतो. म्हणजे तक्रारी तीन आहेत. दुकानदाराने तिन्हींवर एकच उपाय सांगितला, सगळे व्हॉल्व्ह बदला. तुझ्या फेंडर डीलक्स रिव्हर्बमध्ये नऊ व्हॉल्व्ह असतात. नऊच्या नऊ बदललेस तर चरचर कदाचित जाईल, गुणगुण बहुधा तशीच राहील, आणि नेमकं काय बिघडलं होतं ते त्याला कळणार नाही नि तुलाही नाही. ऑर्डर थोडी थांबव.

काय बदलायचं हा प्रश्न शेवटचा. आधी आवाज कुठे थांबतो ते शोधायचं. मी आयुष्यभर रेडिओ आणि सभामंडपातले ॲम्प्लिफायर उघडत आलो, गिटारचा ॲम्प त्याच जातीचा. लिओ फेंडरचंसुद्धा १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकानच होतं, आणि गिटार त्याला शेवटपर्यंत वाजवता येत नव्हती. तेव्हा मामाला तुझं संगीत कळत नाही म्हणून मामाचा सल्ला मोडीत काढू नकोस.

हत्यारं हातात घेण्याआधी एक गोष्ट. या ॲम्पच्या पोटात चारशेच्या वर व्होल्ट डी.सी. असतात, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ते टिकून राहू शकतात. आज सांगतोय त्यातलं जवळपास सगळं चेसिस न उघडता करता येतं. जिथे उघडावी लागेल तिथे थांब आणि मला फोन कर. आणि कुणी सांगितलं की थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाक, गुणगुण जाते, तर त्या माणसाचं ऐकू नकोस. गुणगुण जाते हे खरं. पण आतली एखादी वायर सुटून चेसिसला टेकली, तर तो करंट जायला मग तुझ्या गिटारच्या तारा आणि तुझे हात एवढीच वाट उरते.

त्यामुळे सुरुवात ॲम्पपासून नको, भिंतीपासून कर. तुझं वांद्र्याचं घर भाड्याचं, इमारत जुनी. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टीमीटरने सॉकेट तपासून घे: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे. जुन्या घरांत वरच्या मोठ्या भोकामागे कधी तारच नसते. एखादा महाभाग न्यूट्रलचाच तुकडा तिथे जोडून देतो, तो प्रकार अर्थ नसण्यापेक्षा वाईट. म्हणून त्याला बोर्ड उघडून बघायला सांग. गिटारच्या तारांना हात लावल्यावर खरखर थोडी कमी होते, ते ठीक आहे. तुझं अंग खोलीतला गोंगाट गोळा करत असतं आणि तारांमधून ते अर्थला जोडलं जातं. हात लावल्यावर आवाज वाढला किंवा बोटांना झिणझिण्या आल्या, तर ॲम्प त्याच क्षणी बंद कर.

अर्थिंग ठीक निघालं की गिटारची केबल ॲम्पमधून उपसून काढ. फेंडरच्या इनपुट जॅकमध्ये एक पत्ती असते. प्लग काढला की ती इनपुट आपोआप जमिनीला जोडते. केबल काढल्यावर ॲम्प गप्प झाला तर ॲम्प निर्दोष, भांडण गिटारशी, केबलशी किंवा खोलीशी आहे. केबल काढल्यावर उलट आवाज वाढला तर त्या पत्तीवर गंज चढला आहे. प्लग पाच-सहा वेळा आत-बाहेर कर, फरक कळेल.

तुझ्या स्ट्रॅट गिटारमध्ये सिंगल कॉइल पिकअप आहेत. तारेचं वेटोळं लोहचुंबकाभोवती गुंडाळलेलं, त्याला तारेचं कंपन आणि भिंतीतल्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्र यांतला फरक कळत नाही. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली हंबकरचं पेटंट मागितलं ते याच त्रासापायी: दोन वेटोळी उलटसुलट जोडायची, बाहेरचा गोंगाट दोघांत सारखा येऊन एकमेकांना खोडतो, तारेचा आवाज मात्र बेरजेत येतो. तुझ्याकडे ते नाही, म्हणून गिटार हातात धरून जागेवरच गोल फिर. एका दिशेला गुणगुण खूप आणि काटकोनात वळल्यावर अगदी कमी झाली, तर दोष खोलीत आहे. मग पंखा बंद कर. गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला रेग्युलेटर असेल तर त्यातला ट्रायॅक विजेची प्रत्येक लहर चिरत असतो, आणि ती खरखर पिकअपमध्ये येते. टक-टक पायऱ्यांचा कंडेन्सरवाला रेग्युलेटर त्या मानाने शांत, आणि आपल्या आजोबांच्या घरचा जुना काळ्या डब्यासारखा रेग्युलेटर तर तापायचा पण आवाज करायचा नाही. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर, पेडलचा ॲडॅप्टर, हे सगळे एकेक करून बंद करत जा. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बंद केल्यास तर दोष सापडूनही तुला कळणार नाही कोणात सापडला.

आता समज, केबल काढूनही गुणगुण उरली. ती तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये उरलीच असणार असं मला वाटतं, कारण तिचा स्वर मी ओळखला. तूही ओळखशील. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. रेक्टिफायर दोन्ही अर्ध्या लहरी वापरतो, म्हणून त्याच्या मागे उरलेली लहर १०० हर्ट्झची. तुझ्या जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ९८ हर्ट्झचा असतो. तो वाजव आणि ॲम्पची गुणगुण त्याच्याशी लावून बघ. तिचा सूर त्याच जागी, पण अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने चढा लागला, तर ती १०० ची. खालच्या सप्तकात लागला तर ५० ची. अमेरिकन पुस्तकांत ६० आणि १२० लिहिलेलं असतं, ते त्यांच्या विजेचं. त्यावर जाऊ नकोस.

कान फसू शकतो, कारण पाठीमागून उघड्या पेटीतला बारा इंची स्पीकर ५० हर्ट्झ जेमतेमच वाजवतो, तुला त्याच्या वरच्या पटी ऐकू येतात. तेव्हा मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं ॲप घे. १५० आणि २५० वर शिखरं दिसली तर मूळ ५० चं. फक्त १००, २००, ३०० दिसली तर दोष पॉवर सप्लायच्या वाटेवर. सगळं अवलंबून आहे ते याच भेदावर. ५० ची गुणगुण व्हॉल्व्हच्या हीटरच्या तारांतून, वाईट अर्थमधून किंवा ट्रान्स्फॉर्मरच्या चुंबकत्वातून येते, १०० ची आटलेल्या फिल्टर कंडेन्सरमधून किंवा न जुळणाऱ्या पॉवर व्हॉल्व्हमधून.

यानंतर ॲम्पचे दोन तुकडे करायचे, पण स्क्रूड्रायव्हर न लावता. व्हॉल्यूमचं बटण फिरव. आवाज त्याच्याबरोबर वाढला-घटला तर दोष त्या बटणाच्या आधी आहे, म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हचा पहिला अर्धा भाग किंवा इनपुट. बटण शून्यावर नेऊनही आवाज ढळला नाही तर दोष त्याच्या नंतर. बटण फिरवायला पैसे पडत नाहीत, तरी ही चाचणी कोणी करत नाही, सगळे थेट व्हॉल्व्हला हात घालतात.

मग व्हॉल्व्ह. ॲम्प बंद कर, प्लग काढ, गार होऊ दे. पाठीमागून पाहिलंस तर सगळ्यात उजवीकडचा व्ही-१, मग डावीकडे क्रमाने. टोकाचा डावीकडचा मोठा जीझेड३४ हा रेक्टिफायर, त्याच्या शेजारी दोन ६व्ही६. छोट्यांवर पत्र्याची टोपी असते, ती दाबून फिरवून निघते. या ॲम्पमध्ये छोट्यांचे हीटर समांतर जोडलेले आहेत, म्हणून एक काढला तरी बाकीचे पेटतात. ६व्ही६ आणि रेक्टिफायर मात्र जागेवर राहू दे.

आधी व्ही-६ काढ, १२एटी७, ६व्ही६ च्या शेजारचा. हा सिग्नलचे दोन उलट तुकडे करून दोन पॉवर व्हॉल्व्हना देतो. तो काढून ॲम्प सुरू केलास आणि गुणगुण तशीच राहिली, तर आधीच्या पाच छोट्यांना दोष देऊ नकोस. दुखणं शेवटच्या टप्प्यात किंवा सप्लायमध्ये आहे. गप्प झाला तर व्ही-६ परत लाव आणि व्ही-४ काढ. व्हायब्रॅटो चॅनेल आणि रिव्हर्ब दोन्ही त्याच्यातून जातात. आता गप्प झाला तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या मागे, व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये. नॉर्मल चॅनेल व्ही-१ मधून वेगळ्या वाटेने येतो, त्यामुळे व्ही-४ काढूनही आवाज राहिला तर व्ही-१ काढून बघ. दर वेळी बंद करून, गार करून. घाई केलीस तर बोटं भाजतील, आणि रात्री केलीस तर शेजारी वर येतील.

चरचर कुठल्या व्हॉल्व्हच्या टप्प्यात आहे ते कळलं की मग अदलाबदल. व्ही-१, व्ही-२, व्ही-४ आणि व्ही-५ हे चारही १२एएक्स७. समज दोष व्ही-२ वर आला. व्ही-१ आणि व्ही-२ एकमेकांच्या जागी लाव. चरचर व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या चॅनेलवर गेली, तर व्हॉल्व्ह वाईट. चरचर जागेवरच राहिली, तर व्हॉल्व्ह नवाकोरा लावून उपयोग नाही. दोष सॉकेटच्या सैल पिनांत, किंवा बहुधा प्लेटच्या १०० किलोओहमच्या रेझिस्टन्समध्ये. कार्बन कंपोझिशनचे जुने रेझिस्टन्स वय झालं की चरचरतात, फुटतात, आणि त्याच जागी मेटल फिल्मचा घातला की गप्प होतात. आणि व्हॉल्व्हच वाईट निघाला, तर तो टाकू नकोस, व्ही-५ मध्ये लाव. तिथे ट्रेमोलोची लय तयार होते, आवाज त्यातून जात नाही, म्हणून चरचरणारा व्हॉल्व्हही तिथे सुखाने नांदतो. व्ही-५ मधला चांगला व्हॉल्व्ह काढून व्ही-२ ला दे. खर्च शून्य. असं काही तुला दुकानदार सांगणार नाही, आणि त्यात त्याचीही चूक नाही, त्याला दुकान चालवायचं आहे.

व्हॉल्व्हवर हलकं टकटक करून बघायचं असतं. सगळेच व्हॉल्व्ह थोडे टणटणतात, पहिला सर्वांत जास्त, कारण त्याच्या पुढे सगळं ॲम्प्लिफिकेशन उरलेलं असतं. टकटकीनंतर शिट्टी धरून ठेवणारा व्हॉल्व्ह तेवढा बाद. टकटकायला चायनीजच्या पार्सलमधली लाकडी काडी घे. पेन्सिल नको, तिच्यातलं ग्रॅफाइट वीज वाहतं, आणि चेसिस उघडल्यावर तीच सवय हातात राहिली तर महागात पडेल.

आता त्या १०० च्या गुणगुणीकडे. व्ही-६ काढूनही ती राहिली असेल, तर दोन संशयित. रेक्टिफायर वीज हिसके देत ओततो, फिल्टर कंडेन्सर ती साठवून पुढे सारखी सोडतो. बादलीने भरायच्या रांजणाला खाली बारीक तोटी असावी तसं. आत पाणी कमी राहू लागलं की तोटीची धारही हिसके द्यायला लागते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर पंधरा-वीस वर्षांत आतून सुकतात, उष्णतेने लवकर, आणि बंद पडून राहिलेल्या ॲम्पमध्येही बिघडतात. तुझा ॲम्प वापरलेला घेतलास, म्हणून ही शक्यता मी वर ठेवतो. कंडेन्सर फुगलेला किंवा पाझरलेला दिसला तर शंका उरत नाही, पण न फुगता मेलेलेही पुष्कळ असतात. हे बदलायचं काम तू करायचं नाहीस.

दुसरा संशयित ६व्ही६ ची जोडी. दोन्ही व्हॉल्व्ह एकमेकांच्या उलट खेचतात, त्यामुळे सप्लायमधून दोघांत सारखी शिरलेली १०० ची लहर आउटपुट ट्रान्स्फॉर्मरमध्ये आपोआप खोडली जाते. एक म्हातारा आणि एक तरुण झाला की पुरती खोडली जात नाही. म्हणून गुणगुणीसाठी व्हॉल्व्ह बदलायचेच झाले तर हे दोन, जुळलेली जोडी घेऊन आणि बायस तपासून. नऊ नव्हेत. अंधारात बघ: हीटरचा नारिंगी प्रकाश असतोच, पण बाहेरची राखाडी प्लेट लाल होताना दिसली तर लगेच बंद कर. तो गुणगुणीचा प्रश्न राहत नाही, ट्रान्स्फॉर्मर जायची वेळ असते.

५० ची निघाली तर हीटर. या ॲम्पमध्ये रेक्टिफायर सोडून सगळ्या व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट ए.सी. मिळतात, आणि सहा छोटे, दोन ६व्ही६ मिळून पावणेतीन अँपिअरच्या आसपास करंट त्या तारांत सतत वाहतो. म्हणून त्या तारा एकमेकांभोवती पीळ देऊन, ऑडिओच्या तारांपासून लांब नेतात. कोणी आधी दुरुस्ती करताना त्या हलवल्या असतील तर तिथे आवाज येतो. फेंडरमध्ये पायलट दिव्यापाशी साधारण दोन १०० ओहमचे रेझिस्टन्स असतात, हीटरची एकेक बाजू चेसिसला जोडणारे. ते तपासताना मेकॅनिक चुकतात: बंद ॲम्पवर एका बाजूपासून चेसिसपर्यंत मीटर १०० नाही, ५० दाखवायला हवा, कारण ट्रान्स्फॉर्मरच्या गुंडाळीतून दुसराही समांतर येतो. मीटर १०० दाखवत असेल तर दोघांतला एक जळालेला आहे. तपासणाऱ्याला हे सांग, वाद घालेल, तरी सांग.

रिव्हर्बचं बटण चढवताच गुणगुण वाढते असं तू लिहिलंयस, ते वेगळं प्रकरण. पेटीच्या तळाशी पिशवीत रिव्हर्बचा डबा आहे, त्यातल्या स्प्रिंगांच्या एका टोकाला बारीक पिकअप असतो, आणि तो पॉवर ट्रान्स्फॉर्मरचं क्षेत्र तुझ्या गिटारसारखंच पकडतो. डब्याचं ते टोक ट्रान्स्फॉर्मरपासून दूरच्या बाजूला हवं. वापरलेल्या ॲम्पमध्ये कोणी तरी तो उलटा बसवलेला सापडतो. आधी डब्याकडून परत येणारी आरसीए केबल ॲम्पमधून उपस. गुणगुण गेली तर डबा किंवा केबलची शील्ड, नाही गेली तर व्ही-४. ट्रेमोलो लावल्यावर टिक-टिक येत असेल तर ते आतल्या तारांच्या मांडणीचं काम आहे, आत्ता सोडून दे.

बटणं फिरवताना खर्रर होतं, त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर मार. आठवडाभरात परत आलं तर तो कचरा नव्हे. मागचा कंडेन्सर गळतोय, बटणावर डी.सी. येतोय, आणि कितीही धुतलं तरी ते जाणार नाही.

राहिली सूं-सूं. त्यातली काही तू कायमची मान्य कर. १९२८ साली बेल प्रयोगशाळेतल्या जॉन्सनने मोजून दाखवलं, आणि नायक्विस्टने सिद्धान्ताने समजावलं, की कुठल्याही रेझिस्टन्समध्ये त्याच्या नुसत्या उष्णतेने इलेक्ट्रॉन हलत राहतात आणि त्याचाच आवाज होतो. तुझ्या इनपुटला ६८ किलोओहमचे दोन रेझिस्टन्स समांतर आहेत, ३४ किलोओहम. आपल्या हवेत, ऐकू येणाऱ्या पूर्ण पट्ट्यात, त्यांच्याकडून साधारण तीन मायक्रोव्होल्टचा गोंगाट येतो, आणि मग सगळे टप्पे त्याला वाढवतात. नवीन ॲम्पमध्येही हे असतं. व्हॉल्यूम आठवर, गिटार बंद, आणि कान स्पीकरला चिकटवून बसलीस तर जगातला प्रत्येक ॲम्प सूं-सूं करतो. बाजारात महागडे ‘कमी आवाजाचे’ म्हणून व्हॉल्व्ह विकतात. ते व्ही-१ किंवा व्ही-२ ला एखादा घेऊन बघायला हरकत नाही, पण सगळीकडे घालणं म्हणजे हौस.

आता एवढंच कर. एक वही घे, कोणतं बटण फिरवल्यावर काय झालं, कुठला व्हॉल्व्ह काढल्यावर काय थांबलं, गुणगुण कुठल्या स्वराला लागली, ते लिही आणि मला त्या पानाचा फोटो पाठव. मी उद्या तपकीर गल्लीत जाऊन १०० किलोओहमचे मेटल फिल्मचे रेझिस्टन्स आणून ठेवतो, जास्तीचे घेतो. पाकीट हातात पडलं तरी लगेच डाग द्यायला बसू नकोस. सोल्डरिंग गन तुझ्या बाबांकडे आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्यांचा हात कसा चालतो हेही.

ताईला सांग, गणपतीला सगळे इकडेच यायचं आहे. ॲम्प आणू नकोस, एकोणीस किलोचं ओझं आहे, मीच दिवाळीच्या आत तिकडे येतो.

तुझा,
मामा